हॉटेल सोडायला सांगितलं, त्यांनी हॉटेलच विकत घेतलं! लास व्हेगास बदलणारे हॉवर्ड ह्यूज कोण होते?

‘जुनं लास व्हेगास राहिलं नाही,’ अशी हळहळ आजही ऐकू येते. या बदलात एका अब्जाधीशाचा मोठा वाटा होता.

कोण होते ह्यूज?
१९०५ मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेले ह्यूज वैमानिक, विमान उद्योजक आणि चित्रपट निर्माते होते. १९६६ मध्ये त्यांनी ‘टीडब्ल्यूए’ या विमान कंपनीतले शेअर ५४ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले.

नेमकं काय घडलं?
त्याच नोव्हेंबरमध्ये ते व्हेगासच्या ‘डेझर्ट इन’मध्ये उतरले. नववर्षासाठी बडे जुगारी येणार होते. ह्यूज तर खेळतच नव्हते. त्यांना खोल्या सोडायला सांगण्यात आलं. १९६७ मध्ये त्यांनी हॉटेलच घेतलं. पाठोपाठ सँड्स, फ्रंटियरही घेतलं.

बदललं काय?
तोवर नेवाडात कॅसिनोच्या प्रत्येक भागधारकाला परवाना लागायचा. हजारो भागधारकांच्या कंपन्यांना ते अशक्य होतं, त्यामुळे गुन्हेगारी टोळ्यांचा पैसा फिरे. हिशेबात येण्याआधीच गल्ल्यातली रोकड गायब व्हायची. ह्यूज यांच्यामुळे धंद्याला प्रतिष्ठा मिळाली. १९६७ आणि १९६९ च्या कायद्यांनी कंपन्यांना दार उघडलं. टोळ्या हळूहळू हटल्या, पण त्यांच्यासोबत जुना थाटही गेला.

शेवट काय झाला?
बंद पडद्यांआड चार वर्षं काढून ह्यूज यांनी १९७० मध्ये शहर सोडलं. १९७६ मध्ये त्यांचं निधन झालं. ‘डेझर्ट इन’ही पाडलं गेलं, तिथे आता ‘विन’ उभं आहे. जे शहर त्यांनी बदललं, ते त्यांनी खोलीबाहेर पडून जवळपास पाहिलंच नाही.