दादासाहेब फाळके आणि वाटाण्याचे रोप

चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके (१८७०-१९४४) आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. फोटोग्राफी, छपाई असे नाना उद्योग करून १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपटासाठी पैसा कोठून आणायचा? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडे थोडे चित्रण करून रोप वाढतानाची छोटीशी फिल्म बनविली. ती पाहून भांडवल मिळाले. नुसत्या अर्जविनंत्यांनी हे झाले नसते, असे आम्हांस वाटते.

पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अंधारात बसून फिल्मला छिद्रे पाडली, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही केला! त्यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना उभे केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.