प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज

पाहणाऱ्याने डोळे मिटले असता जग उरते की नाही, हा वाद वेदान्ताच्या पाठशाळांत फार जुना आहे. श्रीगुलाबराव महाराजांची तर दृष्टी तान्हेपणीच गेली होती. त्यांच्या बाबतीत तो केवळ पाठशाळेतला वाद राहिला नाही.

महाराजांचा जन्म शके १८०३ मध्ये, ६ जुलै १८८१ रोजी, अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे, माधानच्या मोहोड घराण्यात झाला. वऱ्हाड त्या काळी नावाने हैदराबादच्या निजामांचे व कारभाराने इंग्रजांचे होते. तेव्हा मुसीकाठच्या भाविकांना हे चरित्र परक्या मुलखातले वाटू नये. बालपणीच मातृवियोग घडला. आजीने सांभाळ केला. दुसऱ्याने ग्रंथ वाचावा व महाराजांनी तो स्मरणात साठवावा, या रीतीने शास्त्रे आत्मसात झाली. पुढे शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ त्यांनी सांगितले आणि इतरांनी लिहून घेतले. १९०१ साली श्रीज्ञानेश्वर माउलींचा अनुग्रह झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. महाराज स्वतःस माउलींची कन्या म्हणवीत.

अद्वैतात दृष्टिसृष्टिवादी म्हणतात, जाणणे हेच जगाचे असणे. सृष्टिदृष्टिवादी म्हणतात, जग आधी व जाणणे मागाहून. (येथे दृष्टी म्हणजे चर्मचक्षू नव्हेत, हे विसरू नये.) महाराज ज्यांचे अनुयायी, त्या श्रीशंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात विज्ञानवादाचे खंडन करून बाह्य वस्तू नाकारता येत नाही असे ठरविले आहे. पंचदशीत रत्नाचा दृष्टान्त येतो: ते मिळाले म्हणून एक हर्षतो, न मिळाले म्हणून दुसरा चिडतो, विरक्त नुसता पाहतो. रत्न ईश्वराचे, हर्ष आणि क्रोध जीवाचे. १९०८ साली मुसीचा पूर अफझलगंजात शिरला, तो कोणाचे मत विचारून नव्हे. आणि इस्पितळाच्या आवारातील ज्या चिंचेच्या झाडाने सुमारे दीडशे जीव तारले, ते त्यांच्यापुरते पुरेसे खरे होते. ही व्यावहारिक सत्ता अद्वैत नाकारीत नाही. ब्रह्मावाचून जगाला स्वतंत्र सत्ता आहे, एवढेच ते नाकारते.

मात्र भक्ताची खरी अडचण याच्या पुढे आहे. दृश्य सारे मिथ्या, तर श्रीकृष्णाची मूर्तीही पाहणाऱ्याच्या मनाचीच कल्पना ठरेल काय? महाराजांनी आपल्या मधुराद्वैतात याचे उत्तर दिले. भगवंताचे सगुण रूप जीवाच्या अज्ञानातून उपजलेले नाही. म्हणून ज्ञान झाले तरी ते पुसले जात नाही, आणि ऐक्य जाणूनही भक्त भक्ती करू शकतो. ज्या रूपाला त्यांच्या डोळ्यांनी कधी पाहिले नाही, त्याच्यासाठी ते स्वतःस कृष्णपत्नी मानून कुंकू व मंगळसूत्र धारण करीत.

स्पेन्सर व डार्विन यांची मतेही त्यांनी ऐकून घेतली व खोडून काढली. त्या खंडनातील सर्वच आज पटेल असे नाही. तथापि खेड्यातील एका अंध पुरुषाने त्या ग्रंथकारांशी वाद मांडावा, हे अल्प नव्हे.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, महाराजांनी देह ठेविला. संप्रदायाचे कार्य पुढे श्रीबाबाजी महाराज पंडित यांनी चालविले.