समान चवीचा प्याला : कोरियाचे भिक्खू छोउई

तथागतांचा धम्म चीनमार्गे कोरियात पोहोचला तो इ.स. ३७२ मध्ये. ‘ध्यान’ हा आपल्याकडचा शब्द चिनी भाषेत ‘छान’, जपानी भाषेत ‘झेन’ आणि कोरियन भाषेत ‘सॉन’ झाला. धम्माच्या पाठोपाठ चहाही त्या देशात रुजला. इ.स. ८२८ मध्ये किम देर्योम नावाच्या राजदूताने चीनहून चहाचे बी आणले आणि राजाज्ञेने ते जिरी पर्वताच्या उतारावर पेरले गेले, अशी नोंद कोरियाच्या इतिहासग्रंथात आहे. ध्यानाला बसणाऱ्या भिक्खूंना जागे ठेवणारे हे पेय विहारांच्या दिनचर्येचा भाग झाले. बुद्धमूर्तीसमोर चहा अर्पण करण्याची प्रथाही तेथे पडली. आज जगभर कोरियन चहाविधी म्हणून जे ओळखले जाते, त्याच्या मुळाशी हा विहार आहे. आणि या परंपरेला विस्मृतीतून वर काढणारा माणूसही एक भिक्खूच होता. त्यांचे नाव छोउई. आमच्या समाजात नागार्जुन, अश्वघोष, ह्युएन त्संग ही नावे आदराने घेतली जातात; छोउई यांचे नाव मात्र क्वचितच कानावर येते. त्यांच्या चरित्रात आपल्याला जवळचा वाटावा असा एक धागा आहे, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

छोउई यांचा काळ समजल्याशिवाय त्यांचे मोठेपण समजत नाही. इ.स. १३९२ मध्ये कोरियात जोसॉन घराण्याची सत्ता आली. या राज्याने कन्फ्यूशियसच्या विचाराला राजमान्यता दिली आणि बौद्ध संघाची गळचेपी आरंभली. विहारांच्या जमिनी हिरावल्या गेल्या, विहारांची संख्या कमी केली गेली, उरलेले विहार डोंगरदऱ्यांत ढकलले गेले. समाज जन्मावर आधारलेल्या उतरंडीत बांधलेला होता. वर ‘यांगबान’ हा विद्वान-अधिकाऱ्यांचा वर्ग. तळाशी गुलाम, खाटीक, नर्तकी, मांत्रिक आणि प्रेतवाहक. समाजव्यवहारात भिक्खूंची गणना या तळच्या लोकांत होऊ लागली. सरकारी कामासाठी त्यांना कागद बनवायला, किल्ल्यांच्या भिंती बांधायला आणि पहाऱ्याला जुंपले जाई. राजधानीच्या तटाच्या आत पाऊल ठेवण्यास भिक्खूंना मनाई होती. विहार उणावले तसा चहाही मागे पडला. पूर्वजांना चहा अर्पण करण्याच्या विधीला कोरियन भाषेत आजही चहाचेच नाव आहे, परंतु त्यात चहाच्या जागी मद्य आले, ते याच काळातले.

अशा काळात इ.स. १७८६ मध्ये कोरियाच्या नैर्ऋत्येकडील मुआन परगण्यात जांग आडनावाच्या कुटुंबात छोउई यांचा जन्म झाला. परंपरा असे सांगते की पाच वर्षांचे असताना ते ओढ्यात पडले आणि एका भिक्खूने त्यांना वाचवले. पंधराव्या वर्षी त्यांनी नाजू येथील उनहुंगसा विहारात ब्योकबोंग या भिक्खूंकडे प्रव्रज्या घेतली. पुढे हेनामजवळच्या दुर्युन पर्वतातील देहुंगसा विहारात वान्हो या आचार्यांकडून त्यांना उपसंपदा मिळाली. त्यांचे धम्मनाम उइसुन. परंतु ते प्रसिद्ध झाले ते छोउई या नावाने. या नावाचा अर्थ ‘गवताचे वस्त्र ल्यालेला’ असा होतो. ज्या देशात वस्त्रावरून माणसाची पायरी ओळखली जाई, तेथे त्यांनी गवताचे वस्त्र हेच आपले नाव म्हणून मिरवले, ही गोष्ट आम्हाला अर्थपूर्ण वाटते.

इ.स. १८०९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्यांची भेट जोंग याक-योंग यांच्याशी झाली. ‘दासान’ या नावाने ओळखले जाणारे हे थोर सुधारक विद्वान कॅथलिकांविरुद्धच्या दडपशाहीत सापडून १८०१ पासून गांगजिन येथे हद्दपारीत होते. दासान म्हणजे ‘चहाचा डोंगर’. त्यांच्या झोपडीमागच्या टेकडीवर चहाची रानझुडपे होती आणि तेथील बेंगन्योनसा विहारातील ह्येजांग या भिक्खूंच्या सहवासात त्यांना चहाची गोडी लागली होती. या कन्फ्यूशियन पंडिताने तरुण भिक्खूला कविता व प्राचीन ग्रंथ शिकवले. १८१२ मध्ये गुरुशिष्य वोल्छुल पर्वतातील बेगुनदोंग हे रम्य उद्यान पाहण्यास गेले. दासान यांनी त्यावर कविता लिहिल्या आणि छोउई यांनी चित्र काढले. ते चित्र आजही उपलब्ध आहे. १८१८ मध्ये दासान यांची हद्दपारी संपली, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपसांत एक करार केला : दरवर्षी चहाची पाने खुडावयाची, चहा तयार करावयाचा आणि तो दूर गेलेल्या गुरूंना पाठवावयाचा. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती ही स्मरणिका पडेल, तेव्हा त्यांनी या कराराची आठवण ठेवावी.

१८१५ मध्ये छोउई प्रथम राजधानी हानयांगला, म्हणजे आजच्या सोलला गेले. तटाच्या आत त्यांना मज्जाव होता. म्हणून त्यांचा मुक्काम तटाबाहेरच्या विहारांत असे. मग उलटेच घडू लागले. ज्यांच्यासाठी तटाचे दरवाजे सताड उघडे होते, ते विद्वान आणि अधिकारी दरवाज्याबाहेर येऊन या भिक्खूच्या शेजारी बसू लागले. याच काळात त्यांची मैत्री किम जोंग-हुई यांच्याशी जमली. ‘छुसा’ या नावाने अजरामर झालेला हा सुलेखनकार उच्चकुलीन यांगबान होता. दोघांचा जन्म एकाच वर्षीचा. एक उतरंडीच्या शिखरावर, दुसरा पायथ्याशी. आणि मध्ये चहाचे दोन प्याले. ही मैत्री चाळीस वर्षांहून अधिक टिकली.

१८२४ मध्ये छोउई यांनी दुर्युन पर्वतावर देहुंगसाच्या वरच्या बाजूला एक लहानशी झोपडी बांधली. तिचे नाव इलजी-आम, म्हणजे ‘एका फांदीची कुटी’. पक्ष्याला विसाव्यासाठी एक फांदी पुरते, हा त्यामागील भाव. उर्वरित आयुष्यातील सुमारे चाळीस वर्षे या कुटीशी जोडलेली आहेत. तेथे ते ध्यान करीत, चित्रे काढीत, शिकवीत आणि स्वतःच्या हाताने चहा तयार करीत. पुढे दक्षिणेतील चित्रपरंपरेचा आधारस्तंभ ठरलेला हो र्योन प्रथम त्यांच्याकडेच शिकला. त्याची प्रतिभा ओळखून त्यांनीच त्याला किम जोंग-हुई यांच्याकडे पाठवले.

१८२८ मध्ये ते जिरी पर्वतातील छिलबुल-आम या विहारात गेले. चहाचे बी ज्या पर्वतावर प्रथम पेरले गेले, त्याच पर्वतावरील भिक्खू चहाचे शास्त्र विसरले आहेत, हे त्यांना तेथे दिसले. जून झालेली पाने उशिरा खुडायची, उन्हात वाळवायची आणि भाजीच्या रश्श्यासारखी जळणावर उकळायची, असा तेथला प्रकार होता. त्यातून गढूळ, तांबूस, कडू काढा तेवढा निघे. छोउई यांनी कोणाची टवाळी केली नाही. त्यांनी एका चिनी ज्ञानकोशातील चहाविषयक प्रकरण उतरवून घेतले आणि १८३० मध्ये त्याची स्वच्छ प्रत केली. हाच ‘दासिनजोन’ हा ग्रंथ. पाने केव्हा खुडावीत, कढईत कशी भाजावीत, पाणी कोणते घ्यावे, उकळी कशी ओळखावी, हे सारे त्यात क्रमवार आहे. हिवाळ्यात आधी पाने व मग पाणी, उन्हाळ्यात आधी पाणी व मग पाने, वसंत व शरदात अर्धे पाणी, मग पाने आणि पुन्हा पाणी, इतका बारकावा त्यात आहे. चहाला किती माणसे असावीत याचाही विचार त्यात केला आहे. एकट्याचा चहा सर्वांत सखोल, दोघांचा उत्तम, तीन-चार जणांचा रसपूर्ण. सात-आठ जण जमले की ते केवळ वाटप होते.

१८३० मध्येच आपले दिवंगत आचार्य वान्हो यांच्या स्मारकलेखासाठी ते पुन्हा राजधानीकडे गेले, तेव्हा भेट म्हणून त्यांनी स्वतः बनवलेला चहा नेला. तो चाखून राजधानीतील विद्वान थक्क झाले आणि छोउई यांचा चहा हा कवितांचा विषय झाला. १८३७ मध्ये राजजामात होंग ह्योन-जू यांच्या विनंतीवरून त्यांनी ‘दोंगदासोंग’, म्हणजे ‘पूर्वेच्या चहाचे स्तवन’ हे काव्य रचले. येथे पूर्व म्हणजे कोरिया. चांगले ते चीनचे, अशी समजूत असलेल्या काळात त्यांनी आपल्या मातीतील चहाला चव आणि औषधी गुण दोन्ही आहेत, असे ठामपणे मांडले. चिनी ग्रंथ एप्रिलच्या उत्तरार्धातील खुडणी श्रेष्ठ मानीत. छोउई यांनी स्वानुभवावरून सांगितले की कोरियाच्या हवामानात ती फार लवकर होते, मेच्या आरंभीची योग्य. ग्रंथाचा आदर राखावा, परंतु अनुभवाने तो तपासावा. कालाम सूत्त जाणणाऱ्या वाचकाला ही वृत्ती परिचित वाटेल. पाणी हे चहाचे शरीर आणि चहा हा पाण्याचा प्राण; दोहोंचे प्रमाण ना कमी ना अधिक असे साधले पाहिजे, हा त्यांच्या विचाराचा गाभा. मध्यम मार्ग त्यांनी प्याल्यात उतरवला होता.

छोउई केवळ चहाचे जाणकार नव्हते. बेकपा नावाच्या ज्येष्ठ आचार्यांनी ध्यानमार्गाचे तीन प्रकार कल्पून ते उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशा योग्यतेच्या माणसांशी जोडले होते. छोउई यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याचे खंडन केले. ध्यानाचे भेद सांगण्याच्या पद्धती वेगळ्या असतील, परंतु त्यांची उच्चनीच शिडी करता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. समाजाने ज्याला शिडीच्या तळाशी ठेवले, त्याने धम्मात शिडी शिरू दिली नाही.

१८४० मध्ये किम जोंग-हुई राजकीय कारस्थानाला बळी पडले आणि जेजू बेटावर हद्दपार झाले. १८४२ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यांना अंत्यदर्शनही घडले नाही. ज्यांनी पूर्वी दाराशी गर्दी केली होती त्यांतील अनेकांनी पाठ फिरवली. छोउई मात्र १८४३ मध्ये समुद्र ओलांडून बेटावर गेले आणि सुमारे सहा महिने मित्राजवळ राहिले. एरवी ते चहा पाठवीत असत. चहा वेळेवर न आला की किम पत्रातून हक्काने रागावत, थट्टा करीत, पुन्हा मागत. यांगबानाने भिक्खूपाशी असा लडिवाळ हट्ट धरावा, यातच त्या नात्याची बरोबरी दिसते. १८५६ मध्ये किम यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, त्र्याहत्तराव्या वर्षी, छोउई दूरचा प्रवास करून मित्राच्या समाधीपाशी गेले, चहा अर्पण केला आणि शोकलेख वाचला. १८६६ मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे परिनिर्वाण झाले.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. छोउई यांच्या चहाने जोसॉनची उतरंड मोडली नाही. त्यांच्या चटईवर बसलेले विद्वान उठून तटाच्या आत गेले आणि छोउई बाहेरच राहिले. भिक्खूंवरील प्रवेशबंदी उठली ती १८९५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी. चांगल्या माणसांची मैत्री अन्यायी नियम आपोआप रद्द करीत नाही. त्यासाठी कायदा लागतो आणि कायद्यासाठी संघर्ष. गावच्या हॉटेलबाहेर वळचणीला ठेवलेली, कान तुटलेली वेगळी कपबशी आमच्या पिढीने पाहिली आहे. चहा पिऊन ती आपणच विसळून पुन्हा जागेवर ठेवायची असे. ती कपबशी कोणाच्या दयेने हटली नाही. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी उचललेली ओंजळ आणि पुढे राज्यघटनेने दिलेला अधिकार, यांच्या बळावर ती हटली. परंतु बाबासाहेबांनी आपल्याला हेही शिकवले की केवळ कायद्याने समाज एकजीव होत नाही. स्वातंत्र्य आणि समता यांना बंधुता हवी, आणि धम्मातील मैत्री ही बंधुतेच्याही पुढे जाते. छोउई यांच्या हाती कायदा नव्हता. मैत्री होती, आणि ती त्यांनी निष्ठेने पाळली. आपल्याला दोन्ही मिळाली आहेत, म्हणून आपली जबाबदारी दुप्पट आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरियात चहाची परंपरा पुन्हा बहरली आणि दुर्युन पर्वतावर इलजी-आम कुटी पुन्हा उभारली गेली. तेथील आजच्या चहाविधीत डामडौल नसतो. यजमान आधी गरम पाण्याने भांडी ऊबदार करतो, उकळलेले पाणी एका पसरट भांड्यात थोडे निववतो, मग पानांवर ओततो. पाहुणा रंग पाहतो, गंध घेतो आणि मग सावकाश घोट घेतो. चहा ओतताना मात्र एक नियम काटेकोर असतो. पहिला प्याला एकदम भरला तर तो फिका होतो आणि शेवटचा कडक. म्हणून यजमान प्रत्येक प्याल्यात थोडा थोडा चहा ओतत शेवटापर्यंत जातो आणि तसाच उलट परततो. कोणी आधी बसो वा नंतर, प्रत्येकाच्या वाट्याला सारखीच चव येते. आमच्या शाळेच्या भोजनगृहात पंगत बसते, तेव्हा वाढणाऱ्या मुलामुलींनी ही रीत आठवावी, एवढेच आमचे मागणे आहे.