अर्थशास्त्र विभागातील अरण्याभ्यासक

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९३३ साली वन्य शिकारप्राण्यांच्या व्यवस्थापनाचे एक नवे अध्यासन निर्माण केले आणि त्यावर आल्डो लिओपोल्ड या शेहेचाळीस वर्षांच्या माजी वनाधिकाऱ्याची नियुक्ती केली. हे अध्यासन प्राणिशास्त्राच्या वा वनस्पतिशास्त्राच्या विभागात नव्हते. ते होते कृषी अर्थशास्त्र विभागात. लिओपोल्ड यांचे नाव आज पर्यावरणीय नीतिविचाराचे एक प्रवर्तक म्हणून घेतले जाते. पण हा विचार अर्थशास्त्रज्ञांच्या शेजारी बसून घडला, हे सहसा कोणी सांगत नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांनी तरी त्याचा विसर पडू देऊ नये.

१८८७ साली मिसिसिपीच्या काठी बर्लिंग्टन या गावी जन्मलेल्या लिओपोल्ड यांनी १९०९ मध्ये येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. येलची ही वनशास्त्रशाळा पिंचॉ कुटुंबाच्या देणगीतून उभी राहिली होती. आणि गिफर्ड पिंचॉ यांना या शास्त्राची दिशा दाखविणाऱ्यांत डीट्रिख ब्रँडिस हे प्रमुख होते. पेगूच्या सागवानापासून आरंभ करून १८६४ पासून हिंदुस्थानच्या वनखात्याची घडी बसविणारे ब्रँडिस ते हेच. जंगल म्हणजे लाकडाचे अखंड उत्पन्न देणारे भांडवल, ही दृष्टी आपल्याकडे आणि अमेरिकेत अशी एकाच परंपरेतून आली. तरुण लिओपोल्ड तीच घेऊन ॲरिझोनाच्या अपाची वनात रुजू झाले.

हरणे हे पीक आणि लांडगा हा त्या पिकाचा शत्रू, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. लिओपोल्ड यांनी स्वतः लांडगे मारले. इतकेच नव्हे, त्यांच्या निर्मूलनासाठी न्यू मेक्सिकोत हिरिरीने प्रचारही केला. त्याच काळात रस्ते आणि कुऱ्हाड यांपासून काही प्रदेश संपूर्णपणे मुक्त ठेवावा असा आग्रह धरून १९२४ मध्ये हीला हे वन्यक्षेत्र त्यांनी राखून घेतले. या दोन गोष्टींतील विसंगती त्यांना जाणवायला पुढे बरीच वर्षे लागली. लांडगे संपले, हरणे अतोनात वाढली आणि त्यांनी डोंगरावरची कोवळी झाडे खाऊन टाकली. १९३५ च्या जर्मनीच्या दौऱ्यात त्यांना याच हिशेबाचे प्रगत रूप दिसले. एकाच जातीच्या सूचिपर्णी वृक्षांच्या रांगा, खाली झुडूप नाही आणि माती खालावत चाललेली. उत्पादनाचे कोष्टक मात्र चोख होते!

अध्यापक म्हणून त्यांचा आग्रह निराळाच होता. वर्गातील बहुतेक मुले वनाधिकारी होणार नाहीत हे ते जाणून होते. त्यांना हवा होता जमीन वाचता येणारा नागरिक. मिसुरीतील एखाद्या रस्त्याने जाताना अंगणातली झाडे आणि शेतातली माती पाहून, पहिल्या वसाहतकाराने हे शेत गवताळ रानातून काढले की जंगल तोडून, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा असे. १९३९ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग झाला. पण वर्गाबाहेर हे शिक्षण फारसे पचले नाही. उपासमारीने मरणाऱ्या हरणांची संख्या उतरविण्यासाठी माद्यांचीही शिकार व्हावी, असे मत त्यांनी दिले आणि १९४३ साली तशी मोसमी परवानगी मिळाली, तेव्हा सारे राज्य त्यांच्यावर तुटून पडले.

मला मात्र त्यांचे दुसरे एक निरीक्षण अधिक बोचते. विस्कॉन्सिनच्या नैऋत्येकडील शेतकऱ्यांना १९३३ च्या सुमारास मृदसंधारणासाठी सरकारी मजूर आणि यंत्रे पाच वर्षे पुरविण्यात आली. मुदत सरताच ज्या उपायांतून तत्काळ पैसा दिसत होता तेवढेच टिकले. मग १९३७ च्या कायद्याने शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचे नियम आपणच करण्याचा अधिकार दिला. जवळजवळ दशक लोटले तरी एकाही काउंटीने एकही नियम केला नाही. पट्टापीक आले, चुना आला. पण झाडीत गुरे शिरू नयेत म्हणून कुंपण घालणे किंवा उभा उतार नांगरातून सोडणे, हे कोणी केले नाही. आमचे पाठ्यपुस्तक यावर अधिक अनुदान सुचवील. लिओपोल्ड यांचा निष्कर्ष असा, की ज्या वनस्पती-प्राण्यांना बाजारात भावच नाही, त्यांचे रक्षण भावाच्या भाषेत कधीच होणार नाही. त्यासाठी मालकाला कर्तव्याची जाणीव लागते. हे मला पटते, पण पूर्णपणे नव्हे. कर्जाच्या ओझ्याखालील कुणब्याला कर्तव्य सांगणे सोपे असते. नियमित वेतन घेणाऱ्या प्राध्यापकाला उजाड जमीन विकत घेऊन तिच्यावर झाडे लावता येतात.

तशी त्यांनी लावलीही. १९३५ मध्ये विस्कॉन्सिन नदीकाठची एक झिजलेली, सोडून दिलेली शेती त्यांनी घेतली. कोंबड्यांचे खुराडे साफ करून तेथे निवारा केला आणि पत्नी व पाच मुलांसह दरवर्षी हजारो पाइनची रोपे लावली. पहिल्या वर्षांची बहुतेक अवर्षणात करपली. कोणते फूल कधी उमलले, कोणता पक्षी कधी परतला, याच्या नोंदी ते तेथे ठेवीत. त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने, १९९९ साली, त्यांच्या कन्येने व सहकाऱ्यांनी त्याच भूमीवरील नव्या नोंदींशी त्या ताडून पाहिल्या, तेव्हा वसंतातील अनेक घटना अलीकडे सरकल्याचे आढळले. ज्या नोंदींना कोणी कवडीही दिली नसती, त्या हवामानबदलाचा पुरावा ठरल्या.

शेजाऱ्याच्या शेतात लागलेला वणवा विझवीत असताना २१ एप्रिल १९४८ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या निबंधांचे हस्तलिखित प्रकाशकाने स्वीकारल्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. ते पुस्तक, ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’, १९४९ मध्ये बाहेर आले.