रमाबाई रानडे

रमाबाईंचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या इच्छेने त्या लिहावाचायला शिकल्या, पुढे इंग्रजीही शिकल्या. त्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी टोमणे मारले, अबोला धरला. रमाबाईंनी ते सारे निमूटपणे सोसले.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे वारले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले आणि १९२४ मधील आपल्या मृत्यूपर्यंत रमाबाईंनी त्याची धुरा वाहिली. परिचारिकेचे काम त्या काळी हलके मानले जाई. परजातीच्या रुग्णांचा स्पर्श, रात्रपाळी, परपुरुषांची शुश्रूषा! कोणते घर आपल्या विधवा लेकीला तेथे पाठवणार? रमाबाईंनी पालकांची समजूत घातली. मुलींसाठी ससून रुग्णालयातील शिक्षणाची व राहण्याची सोय केली.

एका समारंभात साध्या वेशातील एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घेण्यास पुढे आली, तेव्हा प्रेक्षकांतील तरुण विद्यार्थ्यांनी हुल्लड केली. स्वतःच्या अपमानाला कधी उलट उत्तर न देणाऱ्या रमाबाई या वेळी मात्र गप्प राहिल्या नाहीत. भर सभेत उभे राहून त्यांनी त्या तरुणांना त्यांच्या सुशिक्षितपणाचा जाब विचारला.