मारिया युदिना

मारिया व्हेनियामिनोव्हना युदिना (९ सप्टेंबर १८९९, नेव्हेल – १९ नोव्हेंबर १९७०, मॉस्को) या सोव्हिएत काळातील श्रेष्ठ रशियन पियानोवादक व संगीतशिक्षिका होत्या. बाख आणि बीथोव्हन यांच्या रचनांचे स्वतंत्र प्रज्ञेने केलेले वादन आणि विसाव्या शतकातील नव्या संगीताचा आग्रही पुरस्कार यांसाठी त्या ओळखल्या जातात. उघडपणे जपलेल्या धर्मश्रद्धेमुळे त्यांना अध्यापनाची पदे वारंवार गमवावी लागली. तथापि त्यांनी ना श्रद्धा लपवली, ना देश सोडला.

बालपण आणि शिक्षण

युदिना यांचा जन्म तत्कालीन व्हितेब्स्क प्रांतातील नेव्हेल या लहान गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते. आरंभीचे पियानोशिक्षण त्यांना आंतोन रुबिनस्टाइन यांच्या शिष्या फ्रिडा टेइटेलबाउम-लेव्हिन्सन यांच्याकडे मिळाले. १९१२ मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्ग येथील संगीत विद्यालयात (कॉन्झर्व्हेटरी) प्रवेश घेतला. तेथे आन्ना येसिपोव्हा, फेलिक्स ब्लुमेनफेल्ड आणि लिओनिद निकोलायेव्ह हे त्यांचे गुरू होते. १९२१ साली त्या व्लादिमिर सोफ्रोनित्स्की यांच्यासोबत पदवीधर झाल्या.

क्रांतीनंतरच्या धामधुमीत नेव्हेल येथे तरुण विचारवंतांचे एक मंडळ जमले होते. साहित्यमीमांसक मिखाइल बाख्तिन हे त्याचे एक प्रमुख सदस्य. या सहवासाने युदिना यांच्या चिंतनाला तत्त्वज्ञानाची बैठक मिळाली. १९१९ मध्ये त्यांनी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नवी राजवट धर्मसंस्थेविरुद्ध उभी ठाकलेली असताना घेतलेल्या या निर्णयाने त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवली.

अध्यापनकार्य

पदवीनंतर लगेच त्या त्याच विद्यालयात शिकवू लागल्या. १९३० मध्ये धार्मिक मतांच्या कारणावरून त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. त्यानंतर काही काळ त्यांनी जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथे अध्यापन केले. १९३६ मध्ये ख्यातनाम पियानोशिक्षक हाइनरिख नॉइहाउस यांच्या पुढाकाराने त्यांना मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत स्थान मिळाले. ते १९५१ पर्यंत टिकले. १९४४ पासून त्या मॉस्कोतील ग्नेसिन संस्थेतही शिकवत होत्या. १९६० मध्ये तेथूनही त्यांना जावे लागले. या वेळी धर्मश्रद्धेच्या जोडीला आधुनिक पाश्चात्त्य संगीताचा पुरस्कार हेही कारण होते.

वादनशैली

पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचना स्वरलिपीत बांधलेली असते. गती, जोर आणि वाक्यरचनेचा तोल यांतून वादकाचे व्यक्तित्व प्रकट होते. युदिना या बाबतीत रूढ संकेत सहसा पाळत नसत. त्यांचा स्वराघात भरदार होता आणि गतीची निवड कित्येकदा अनपेक्षित असे. त्यामुळे काही श्रोत्यांना त्यांचे वादन मनमानी वाटे, तर काहींना त्यात रचनेचा गाभाच उलगडल्याचा प्रत्यय येई. बाख, बीथोव्हन, मोझार्ट, शुबर्ट आणि मुसोर्ग्स्की यांच्याबरोबरच हिंडेमिट, बार्टोक, स्त्राविन्स्की आणि शोस्ताकोविच हेही त्यांच्या कार्यक्रमांत असत. आंद्रेइ व्होल्कोन्स्की यांच्या ‘म्युझिका स्ट्रिक्टा’ या रचनेचे पहिले सार्वजनिक वादन त्यांनीच १९६१ मध्ये केले. दुसऱ्या महायुद्धात वेढा पडलेल्या लेनिनग्रादमध्ये जाऊन त्यांनी मैफली केल्या.

साहित्यिकांशी संबंध

बाख्तिन यांना अटक झाल्यावर त्यांची शिक्षा सौम्य व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत युदिना होत्या. फेब्रुवारी १९४७ मध्ये बोरिस पास्तरनाक यांनी ‘डॉक्टर झिवागो’ या तेव्हा अपूर्ण असलेल्या कादंबरीतील काही भाग त्यांच्या घरी निमंत्रितांसमोर वाचला. शुबर्टच्या गीतांचे नवे रशियन अनुवाद त्यांनी कवी निकोलाय झाबोलोत्स्की प्रभृतींकडून करून घेतले. या दोन्ही कवींच्या कविता त्या मैफलींत श्रोत्यांना म्हणून दाखवत. हे अधिकाऱ्यांना रुचले नाही आणि १९६३ ते १९६६ या काळात त्यांच्या सार्वजनिक वादनावर बंदी आली.

स्टालिनविषयीची आख्यायिका

युदिना यांच्या नावाशी एक प्रसिद्ध कथा निगडित आहे. नभोवाणीवर त्यांनी वाजवलेली मोझार्टची २३ वी पियानो कंचेर्टो ऐकून स्टालिनने तिची ध्वनिमुद्रिका मागवली. प्रक्षेपण थेट असल्याने मुद्रिका नव्हतीच. तेव्हा घाबरलेल्या अधिकाऱ्यांनी रातोरात वाद्यवृंद जमवून एकच प्रत तयार केली. स्टालिनने पाठवलेले पैसे युदिना यांनी चर्चला दिले आणि त्याच्या पापांच्या क्षमेसाठी प्रार्थना करीत असल्याचे त्याला पत्राने कळवले, असे ही कथा सांगते. सॉलोमन व्होल्कोव्ह यांनी शोस्ताकोविच यांच्या आठवणी म्हणून १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे ती जगभर पसरली. तो ग्रंथ स्वतःच वादग्रस्त असून कथेला कागदोपत्री आधार नाही. अलेक्सांद्र गाउक यांच्या संचालनाखाली युदिना यांनी याच कंचेर्टोचे केलेले मुद्रण मात्र उपलब्ध आहे.

अखेरची वर्षे

१९६६ मध्ये बंदी उठल्यावर युदिना यांनी मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत स्वच्छंदतावादावर व्याख्याने दिली. १९६८ मध्ये त्यांनी बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ध्वनिमुद्रित केली. १९ नोव्हेंबर १९७० रोजी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले. तेथीलच व्हेदेन्स्कोये दफनभूमीत त्यांची समाधी आहे. हयातीत पश्चिमेकडे त्यांचे नाव फारसे पोहोचले नव्हते. त्यांची ध्वनिमुद्रणे परदेशात प्रसिद्ध होऊ लागल्यावर त्यांची कीर्ती वाढली.