महाराजांचा नेम

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा असं मंदिरातल्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी काही अभ्यासक नाही. पण गेल्या वर्षभरात प. पू. श्री वासुदेवानंद सरस्वती म्हणजेच आपले टेंबे स्वामी महाराज यांच्या चरित्राने मला अंथरुणातून उठवलं. तेवढं ऋण मांडावं म्हणून हे लिहितो आहे.

मागच्या श्रावणात माझी पत्नी गेली. पंचेचाळीस वर्षं घरची घडी तिच्या हातात होती. ती गेली आणि माझं सगळंच थांबलं. देवपूजा राहू लागली. विजेचं बिल दोनदा राहिलं. सकाळची रक्तदाबाची गोळी दुपारी आठवायची. अंगणातली तुळस वाळली. उद्यापासून नीट सुरू करू असं रोज रात्री ठरवायचो आणि सकाळी खुर्चीत बसून राहायचो. मन लागेल तेव्हा करू, असं वाटायचं. ते काही लागेना.

अशातच मंदिरात महाराजांच्या चरित्राचं वाचन सुरू झालं. मी मागे खांबाला टेकून बसायचो.

महाराजांचा जन्म १८५४ साली श्रावण वद्य पंचमीला सावंतवाडीजवळच्या माणगावी झाला. आजोबा हरिभट्ट, वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. घरात दत्तभक्ती मुरलेली. वडिलांनी गाणगापुरी राहून सेवा केलेली. आठव्या वर्षी मुंज झाली आणि तेव्हापासून स्नानसंध्या, गायत्रीजप, वेदाध्ययन हे जे धरलं ते सुटलं नाही. घरची स्थिती बेताची होती. भिक्षुकी करावी, ज्योतिष पाहावं, कुणाला औषध सांगावं, असा संसार. पत्नी अन्नपूर्णाबाई. संसाराच्या कटकटी तुम्हाआम्हाला असतात तशा त्यांनाही होत्या. पण त्या कटकटींपायी संध्या चुकली, असं चरित्रात कुठे येत नाही.

नरसोबाच्या वाडीची ओढ त्यांना पहिल्यापासून. तिथल्या गोविंदस्वामींचा त्यांना आधार होता. पुढे माणगावी दत्तमंदिर उभं राहिलं आणि सात वर्षं तिथे महाराजांच्या हातून सेवा घडली. लांबलांबून लोक आपली गाऱ्हाणी घेऊन येऊ लागले. मग देवाची आज्ञा झाली आणि १८८९ साली, नावारूपाला आलेलं ते स्थान सोडून पती-पत्नी निघाली.

आता मी ज्या प्रसंगापाशी अडलो तो सांगतो. फिरत फिरत ती दोघं गोदातीरी गंगाखेडला आली. तिथे १८९१ च्या वैशाखात अन्नपूर्णाबाईंनी देह ठेवला. परका गाव, जवळचं म्हणावं असं माणूस नाही. महाराजांचं वय तेव्हा सदतिशीच्या आसपास. त्यांनी पत्नीचं दिवसकार्य यथाविधी केलं आणि ते आटोपल्यावर संन्यास घेतला. पुढे उज्जैनला जाऊन नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला.

तो प्रसंग ऐकला त्या रात्री मला झोप नाही आली. महाराज कुठे आणि मी कुठे, हे कळतं मला. संन्यास हा आपला मार्ग नव्हे. पण एक गोष्ट मनाला लागली. एवढा घाव बसल्यावर त्यांनी पुढ्यात आलेलं कर्म केलं, मग त्याच्या पुढचं केलं. मन ताळ्यावर यायची वाट पाहिली नाही.

पुढची तेवीस वर्षं महाराज चालत होते. अनवाणी. वाहन नाही, पैशाला स्पर्श नाही. बरोबर दंड, कमंडलू, मोजकी वस्त्रं आणि दत्तप्रभूंची मूर्ती. तेवीस चातुर्मास झाले ते बहुतेक वेगवेगळ्या ठिकाणी. उज्जैन, ब्रह्मावर्त, बदरीकेदार, गंगोत्री, द्वारका, नरसोबावाडी, तंजावर, वैनगंगेकाठची पवनी, कृष्णेतलं कुरवपूर. कुठे हाडं गोठवणारी थंडी, कुठे भाषा वेगळी. त्यात पोटाला संग्रहणीचा जुना आजार. आपल्यासारख्याला यातलं एकच कारण पुरलं असतं! पण पहाटेचं स्नान, जप, मूर्तीची पूजा, दुपारची एक वेळची भिक्षा, जमलेल्यांना शास्त्र सांगणं हा क्रम गाव बदललं तरी बदलत नसे.

मला वाटतं, म्हणूनच त्यांचा नेम टिकला. तो घराला किंवा सोयीला बांधलेला नव्हता, वेळेला बांधलेला होता. वेळ झाली की उठायचं. आज मन आहे का, हा प्रश्न मनाला विचारायचाच नाही.

आणि एवढ्या चालण्यात लिहिलं किती! द्विसाहस्री गुरुचरित्र, दत्तपुराण, ओवीबद्ध दत्तमाहात्म्य, कितीतरी स्तोत्रं. करुणात्रिपदी आपण रोज म्हणतो. कुरवपूरच्या चातुर्मासात १९११ साली घोरकष्टोद्धरण स्तोत्र झालं. सप्तशती गुरुचरित्रसाराची गोष्ट तर अनेकांना ठाऊक असेल. त्यातल्या ओव्यांचं तिसरं तिसरं अक्षर ओळीने घेत गेलं की गीतेचा पंधरावा अध्याय तयार होतो. आधी अक्षर ठरलेलं, त्यात गुरुचरित्राची कथा बसवायची आणि ओवीही मोडू द्यायची नाही. असं काम एका उत्साहाच्या भरात होत नाही. एक ओवी झाली की दुसरी, असंच ते होतं.

शेवटी महाराज नर्मदातीरी गरुडेश्वरला आले. १९१३ चा चातुर्मास तिथे झाला आणि १९१४ साली आषाढ शुद्ध प्रतिपदेला त्यांनी तिथेच देह ठेवला. नारेश्वरचे रंगावधूत महाराज, पुण्याचे गुळवणी महाराज, इंदूरचे नाना महाराज तराणेकर यांनी त्यांचा वारसा पुढे चालवला. आज गावोगावी जी दत्तउपासना चालते, तिच्यात त्यांच्या शिस्तीचा मोठा वाटा आहे.

महाराजांनी गृहस्थाला घर सोडायला लावलं नाही. ज्याने त्याने आपल्या आश्रमाचं कर्म नीट करावं, हाच त्यांचा आग्रह. मी माझ्यापुरता त्याचा अर्थ असा लावला की विजेचं बिल वेळेवर भरणं हेसुद्धा माझं आश्रमकर्मच आहे.

वाचनाची समाप्ती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फक्त एक नेम धरला. सकाळी सहाला उठायचं, आंघोळ करून देवापुढे निरांजन लावायचं. बस्स. पहिले आठ-दहा दिवस मन मुळीच नव्हतं. हात आपले काम करत होते. मग निरांजनाशेजारी गोळीची डबी ठेवली, म्हणजे गोळी आपोआप वेळेवर जाऊ लागली. महिन्याभराने पूजा साग्रसंगीत होऊ लागली. बिलासाठी पाच तारीख ठरवली. मन मागाहून आलं, तेही पुरतं नाही. अजून एखादा दिवस खुर्चीत जातो. पण आता उद्या ठीक सहाला उठायचं आहे, हे ठाऊक असतं.

दत्तजयंतीला नवं काही सुरू करायचं मनात असेल, तर माझं एवढंच सांगणं आहे. नेम लहान धरा, पण वेळ पक्की धरा. आपल्याला महाराजांसारखं हिमालयापर्यंत चालायचं नाही. अंथरुणापासून देवघरापर्यंतच जायचं आहे. काही दिवस तेवढंही लांब वाटतं, हे मी अनुभवाने सांगतो.

परवा तुळशीचं नवं रोप आणून लावलं. पाणी घालायची वेळ, निरांजनानंतर लगेच.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥